वरून मोजलेला मणका

शिहाता चांगला माणूस नव्हता. तो गेल्यावर कॉलेजच्या फाटकावर चार ओळींचा कागद लागला, त्यात 'प्रेमळ' असा शब्द होता. कोणी लिहिला मला माहीत नाही. ज्याने लिहिला त्याने शिहाताबरोबर एक सकाळही काढलेली नसणार.

आमची विच्छेदनाची खोली तळमजल्यावर होती, नदीच्या कालव्याकडे तोंड करून. अकरा संगमरवरी टेबलं, तीन हौद, एक खिडकी जी उघडत नसे आणि एक जी मिटत नसे. फॉर्मलीनने पहिल्या आठवड्यात डोळे झोंबतात, दुसऱ्या महिन्यात भाकरीला वास येतो, आणि दुसऱ्या वर्षी वास येईनासा होतो. तेव्हा समजायचं की आपण तिथले झालो. शिहाता पहिल्याच दिवसापासून तिथला होता. प्रेतं हौदात ठेवणं, काढणं, टेबलावर मांडणं, वर्ष संपलं की उरलंसुरलं गोळा करून पुरायला नेणं, हे त्याचं काम. पण त्याच्या नावाला जी काही किंमत होती ती दुसऱ्याच गोष्टीमुळे होती.

नुसती हाडं कोणीही साफ करतो. पाण्यात कुजत घातली की मांस आपोआप सुटतं. हाडांना बांधणारे बंध राखून हाडं दाखवायची तर मात्र सुरी लागते, आठ आठ दिवस लागतात, आणि राग आवरून धरलेला हात लागतो. शिहाताकडे राग भरपूर होता आणि तो सगळा त्याने मनगटात आवरून धरला होता. कंबरेचा भाग तो असा सोडवायचा की मणका, मणक्यामधली चकती, पुढची रुंद पट्टी, मागची अरुंद पट्टी, काट्यांच्या मधले पापुद्रे, सगळं जागच्या जागी. शेवटच्या मणक्याच्या पंखापासून कमरेच्या हाडाच्या कडेपर्यंत जाणारा जाड बंध तर तो असा मोकळा करायचा की बोट घालून उचलता यावा.

मग विद्यार्थ्यांना तो शिकवायचा. त्याला कोणी सांगितलेलं नसे. पोरं त्याला 'अम्म' म्हणजे काका म्हणायची.

"ही पुढची पट्टी. दोन बोटं रुंद. आता मागची बघा. वर मानेत रुंद, खाली कमरेत येते तोवर नाडीएवढी झालेली. माणूस ओझं उचलायला कुठे वाकतो?"

"पुढे, अम्म शिहाता."

"मग चकती कुठे सरकते?"

"मागे."

"आणि मागे राखणीला कोण? ही चिंधी."

"मग देवाने असं का केलं, अम्म शिहाता?"

"देवाने तुला ओझी उचलायला नाही केलं. पास व्हायला केलं. तेही तुला जमत नाही."

कमरेचे सांधे तो बोटाने उघडून दाखवायचा. छातीतले मणके एकमेकांवर सपाट टेकलेले, म्हणून तिथे माणूस वळतो. कमरेतले सांधे उभे, एकाच्या खोबणीत दुसरा. ते पुढेमागे झुकू देतात, वळू देत नाहीत. हे सांगताना शिहाताच्या आवाजात मला नेहमी समाधान ऐकू यायचं. मोठ्या माणसापुढे तो झुकलेला मी पाहिला आहे, पण एकदा धरलेल्या गोष्टीपासून वळलेला कधी पाहिला नाही.

आणि जाताना पोरं दारापाशी पोचली की मागून कोणीतरी हळूच म्हणायचं, "बॅऽऽ."

ते आम्ही सुरू केलं होतं. मी पहिल्या वर्षाला होते. शिहाता नवा लागला होता, तिशीच्या आतला, गावाकडची लांब गलाबिया घालून आलेला, आणि डॉक्टर वजीह, जे तेव्हा साधे अधिव्याख्याते होते आणि पुढे विभागप्रमुख झाले, त्यांना नव्या माणसाला वर्गासमोर उभा करायची खोड होती.

"हा हाडं बसवणाऱ्याचा मुलगा आहे म्हणे," ते आम्हाला म्हणाले. "याचा बाप गावात लोकांची हाडं बसवतो. आपण सगळे कपडे आवरून घरी जाऊ या. काय रे, कंबरेत मणके किती?"

"सहा," शिहाता म्हणाला.

"किती?"

"सहा, साहेब."

"कुठे मोजलेस?"

"घरी. मोठ्या ईदला बाबा मेंढ्याची पाठ उघडायचे, तेव्हा..."

त्याचं वाक्य पुरं झालं नाही. वजीह खुर्चीतून उठले. "मेंढ्याचे सहा! माणसाचे पाच! आता तूच ठरव बाबा, तू कोण." माझ्या शेजारी तलअत बसला होता, तोही पहिल्या वर्षाचा. तो म्हणाला, "बॅऽऽ." मग मी म्हणाले. मग सगळा वर्ग. मी सगळ्यांत मोठ्याने म्हणाले, कारण दोनशे मुलांत आम्ही एकवीस मुली होतो आणि हसण्यात मागे पडून चालायचं नाही. शिहाता हात खाली सोडून उभा होता. तो लाल झाला नाही, हसला नाही. एकेकाच्या तोंडाकडे बघत गेला, जणू काही यादी करत असावा.

चौदा वर्षं त्याला मेंढा म्हटलं गेलं. तोंडावर 'अम्म', पाठीमागे 'मेंढा'. गावाकडचं लोकांचं ज्ञान म्हणजे काय, याचं उदाहरण म्हणून वजीह दर वर्षी ती गोष्ट सांगत. आणि दर वर्षी नवी दोनशे पोरं ती शिकत.

त्यानेही आम्हाला सुखाने जगू दिलं नाही. मी त्याच विभागात शिकवायला लागले तेव्हा प्रबंधासाठी कंबरेचा एक नमुना मी स्वतः सोडवला. तीन आठवडे लागले. शिहाता येऊन टेबलापाशी उभा राहिला. पंचवीस विद्यार्थी होते.

"मागची पट्टी कुठे गेली, डॉक्टरीणबाई?"

"थोडी कापली गेली. कडेला."

"कडेला नाही. मधोमध." त्याने नमुना उचलला, उजेडाकडे धरला. "माझा बाप ईदला मेंढा कापायचा, त्याला तुम्ही लोक हसता. कसायाला निदान माहीत असतं, काय विकायचंय. ही तर गोधडी उसवलीय." आणि त्याने तो बादलीत टाकला. माझे तीन आठवडे, त्या बादलीत. विद्यार्थी खाली बघत होते, हसू दाबत. त्या दिवसापासून मी त्याचा तिरस्कार केला. तो नीट, नियमित तिरस्कार होता, रोज चहाबरोबर घ्यावा असा.

प्रेतं उचलायला हौदांवर साखळीची कप्पी होती. ती गंजून अडकली. शिहाताने अर्ज दिला. वजीहांनी तो बाजूला ठेवला. त्याने दुसरा दिला. वजीह म्हणाले, "मेंढ्याची पाठ मजबूत असते." तो अर्जही बाजूला राहिला. तिसरा त्याने दिला नाही. त्याच्यात तेवढा माज होता.

फेब्रुवारीत, परीक्षेच्या आधी, मधल्या हौदातून एक जाड, बेवारस माणूस काढायचा होता. पाण्यात भिजून आणखी जड झालेला. गुडघ्यात वाका, कमरेत नाही, असं शिहाता प्रत्येकाला सांगायचा. त्या दिवशी हौदाच्या काठावरून तो कमरेत वाकला आणि ओझं हातात असताना टेबलाकडे वळायला गेला. आवाज आला नाही. तो तसाच, वाकलेला, थोडा वेळ थांबला, आणि मग त्याने प्रेत खाली ठेवलं, सोडलं नाही. मी खोलीत होते. मी मदतीला गेले नाही. त्याने मागितलीही नाही.

आठवड्याभरात त्याचं उजवं पाऊल पडलं. अंगठा वर उचलता येईना. चालताना टाच टेकायच्या आधी तळवा फरशीवर आपटायचा, थप्प. लांबच्या लांब व्हरांड्यात तो आवाज आधी यायचा आणि मागून शिहाता. पोरांची सोय झाली. थप्प ऐकू आलं की बॅऽऽ बंद.

पाऊल गेलं तर काम गेलं, हे त्यालाही माहीत होतं आणि आम्हालाही. ओल्या फरशीवर, हौदाच्या काठावर, पाऊल पडलेला माणूस काय करणार? वजीहांनी त्याच्या जागेसाठी गोदामातल्या एका माणसाचं नावही काढून ठेवलं होतं. शिहाताला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "त्याला बंध आणि चरबी यातला फरक कळत नाही. वर्षभरात माझे सगळे नमुने सडवील." ऑपरेशनला तयार झाला तो पावलासाठी. पण पाऊल त्याला हवं होतं ते त्या नमुन्यांच्या बरण्यांसाठी.

राजधानीत पाठीत रंग घालून त्याची फिल्म काढली गेली. फिल्म तिथेच राहिली, रिपोर्ट तेवढा आला: चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती सरकलेली. ऑपरेशन आमच्याच शहरात, आणि सर्जन कोण, तर तलअत. पहिला बॅऽऽ करणारा. आता त्याचं पोट सुटलं होतं, घड्याळ चांगलं होतं, आणि मणक्याच्या कामात त्याचा हात खरोखरच चांगला होता. हे मी कौतुकाने नाही, नाइलाजाने लिहिते.

तपासणीच्या वेळी कॉलेजचे कागद घेऊन मी गेले होते.

"अम्म शिहाता, उद्या नाही, परवा सकाळी," तलअत म्हणाला. "अर्धा तास. चौथ्याखालची फट उघडतो, चकतीचा तुकडा काढतो, नस मोकळी. महिन्याभरात हौदावर."

"रिपोर्टवाल्याने कुठून मोजलं, बाशा?" शिहाताने विचारलं. सर्जनांना तो साहेबाऐवजी 'बाशा' म्हणायचा.

"काय कुठून?"

"मणके. शेवटच्या बरगडीपासून खाली मोजत आला, की खालून वर?"

"रिपोर्टवाले वरून मोजतात. आम्ही खालून. टेबलावर बरगडी कोण शोधत बसतो? कण्याच्या तळाच्या तिकोनी हाडावर, त्रिकावर, बोट ठेवायचं, पहिली फट, दुसरी फट. रोज करतो मी हे."

"पाच असतील तर तुम्ही दोघं एकाच जागी पोचता," शिहाता म्हणाला. "माझे सहा आहेत."

तलअतने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या ओठांचे कोपरे हलायला लागले. मग तो हसलाच, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "चौदा वर्षं झाली रे! अजून सहाच?"

"वरून चौथ्याखालची फट म्हणजे माझ्यात खालून तिसरी. तुम्ही दुसरी उघडाल. तिथे सगळं ठीकठाक असेल. तुम्ही चांगल्या चकतीतून थोडं खरवडून काढाल, शिवाल, आणि माझं पाऊल तसंच राहील."

"ही फिल्म बघ." तलअतने आमच्या दवाखान्यातली फिल्म दिव्यावर लावली. "एक, दोन, तीन. कुठे आहेत सहा?"

"यात बरगडी कुठाय? कमरेचा खालचा अर्धाच भाग आलाय. छातीपासून माकडहाडापर्यंत एक लांब फिल्म काढा."

"मेंढ्यांसाठी लांब फिल्म नाही आमच्याकडे," तलअत म्हणाला, आणि दिवा बंद केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिहाता माझ्या खोलीत आला. थप्प, थप्प, थप्प, मग दार. तो बसला नाही. त्याला बसवतही नव्हतं.

"तुम्ही मोजा," तो म्हणाला.

"मी?"

"बोटं बरी आहेत तुमची. सुरी वाईट आहे. तुम्ही सांगितलंत तर तलअत ऐकेल. तुम्ही एकाच वर्गातले."

"तुला खात्री कशावरून आहे?"

तेव्हा त्याने ते वाक्य पुरं केलं. चौदा वर्षांनी, खिडकीकडे बघत. "बाबा ईदला मेंढ्याची पाठ उघडायचे आणि आम्हा भावंडांना मोजायला लावायचे. मेंढ्यावर शिकायचं, माणसावर वापरायचं, अशीच आमच्याकडे रीत. मी सात वर्षांचा होतो. मी विचारलं, माणसात किती? त्यांनी मला मेंढ्याशेजारी चटईवर पालथं पाडलं आणि रक्ताच्या बोटांनी मोजलं. सहा. म्हणाले, बघ, अल्लाने एकाच मापाने बेतलंय. भावाची पाठ मोजली नाही. आईची नाही. कोणाचीच नाही. माझी तेवढी मोजली, आणि त्यावर गावभर पुढे जन्मभर हाडं बसवली."

"म्हणजे तुझा बाप चुकला."

"बाप चुकला. पण बोटं चुकली नाहीत. मोजा."

त्याने गलाबिया वर घेतली, टेबलावर पालथा झाला. त्याची पाठ फिकट होती, हौदात कधीच न गेलेली. मी शेवटची बरगडी शोधली, तिच्यावरून मागे मणक्यापर्यंत आले, आणि काट्यांवरून खाली बोट नेत गेले. एक. दोन. कण्याच्या दोन्ही अंगांना उभ्या स्नायूंच्या दोऱ्या, उजवी लोखंडासारखी आखडलेली. तीन. चार. दाबलं तेव्हा त्याने श्वास रोखला. पाच. आणि त्याखाली आणखी एक.

"थोडं वर उचल अंग," मी म्हणाले. तो हातांवर रेलला. तो सहावा हलला. त्याखालचं हाड हललं नाही, ते त्रिकाचं. मी बोट सहाव्यावर ठेवून थांबले.

"थंड आहेत बोटं तुमची," तो म्हणाला.

माझ्या समोर टेबलावर माझा प्रबंध होता, वजीहांच्या सहीसाठी थांबलेला. दर वर्षी त्यांनी सांगितलेली ती गोष्ट. दर वर्षी मी त्यावर हसलेलं हसू. आणि ती बादली. एवढ्यांपैकी नक्की कशाने मला बोलतं केलं, हे मी पुष्कळदा तपासून पाहिलं आहे. एकेक कारण काढून ठेवलं तरी वाक्य तेच राहतं.

"पाच," मी म्हणाले.

तो मग उठला, गलाबिया सारखी केली. "बरं," एवढंच म्हणाला. थप्प, थप्प. दाराशी थांबून म्हणाला, "नमुना तुमचा मी उगाच नव्हता टाकला. वाईटच होता."

तलअतलाही मी पाच असंच कळवलं. त्याच दिवशी शिहाता वॉर्डात भरती झाला. संध्याकाळी भेटीच्या वेळी त्याची बायको बहिय्या आली. धिप्पाड, अबोल बाई. बाजारात मेंढीचे पाय आणि आतडी धुऊन विकायची. तिने भाकरी आणि जुनं खारं चीझ आणलं होतं, आणि त्याच्या सांगण्यावरून आमच्या खोलीतली वाकडी सुई आणि पिवळा दोरा. आमच्याकडे नमुन्यांवर खुणेचे दोरे बांधायची पद्धत आहे: रोहिणीला लाल, नीलेला निळा, नसेला पिवळा. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने नंतर सगळं सांगितलं. चादर आडवी धरली होती, पण चादरीला कान झाकता येत नाहीत.

"पालथा होतो. सर्जन झोपवेल तसाच. वाकून बसलो तर कातडी मणक्यावरून सरकते, खूण चुकेल. बरगडी सापडली?"

"सापडली."

"तिथून खाली. चौथा काटा. त्याच्या खालच्या खळगीत."

"इथे?"

"आऽ! हो, तिथेच. घाल."

"तुला भूल दिलेली नाही हो."

"तुला कोणी मलमल शिवायला सांगितली नाही. घाल."

बहिय्याने दोन टाके घातले आणि गाठ मारली. सुई तिने चहाच्या किटलीत उकळून घेतली होती. दोऱ्याला कागदाची चिठ्ठी, परीक्षेत आम्ही टाचणीला लावतो तशी. चिठ्ठीवर त्याच्या मोठ्या अक्षरांत: 'चौथ्याखाली. वरून मोजून.'

सकाळी मी ऑपरेशनच्या खोलीत गेले. जाण्याचं कारण नव्हतं. भिंतीला टेकून उभी राहिले. शिहाता टेबलावर पालथा होता, अजून जागा. तलअतने पाठीवरचं कापड उचललं आणि त्याचा हात हवेत राहिला.

"हे काय आहे?"

"खूण," उशीतून आवाज आला.

"हे कोणी केलं?"

"बायकोने."

"माझ्या टेबलावर येताना तू आपल्या बायकोकडून... आतडी विकणाऱ्या बाईकडून... चिठ्ठी लावून आलास?" तलअतचा चेहरा गडद झाला होता. नर्सने तोंडावरचा फडका उगाच नीट केला. "मी अकराशे पाठी उघडल्यात! मला ही बाई जागा दाखवणार?"

"पाचवाल्यांच्या उघडल्यात, बाशा."

"इनायात!" तलअत माझ्याकडे वळला. "तू काल मोजलंस ना? याच्यासमोर सांग. किती?"

शिहाताने मान वळवली नाही. खोलीत यंत्राची घरघर होती. त्या क्षणी खरं बोलून माझं काहीच गेलं नसतं. वजीह तिथे नव्हते.

"मला पाच लागले," मी म्हणाले.

"त्यांचं बोट थांबलं होतं, बाशा," शिहाता म्हणाला. "सहाव्यावर. मला अंग उचलायला लावलं त्यांनी, आणि थांबल्या. पाठीला सगळं कळतं."

तलअतने हातमोजे काढून फेकले. मला वाटलं ऑपरेशन रद्द करतोय. पण त्याचा राग त्याहून पुढचा होता. "घेऊन जा याला फोटोच्या खोलीत! छातीपासून माकडहाडापर्यंत लांब फिल्म काढा. या दोऱ्यावर लोखंडी टाचणी चिकटवा. ती फिल्म मी चौकटीत घालून तुमच्या खोलीत टांगणार आहे, हौदाच्या वर. म्हणजे हा मेंढा मरेपर्यंत रोज आपले पाच मणके बघेल!"

दयेपोटी त्याने ती फिल्म काढली नसती. दोन दिवसांपूर्वी साधी विनंती केली तेव्हा काढली नव्हतीच. ती निघाली ती निव्वळ खुनशीपणाने. शिहाताच्या आयुष्यात जे काही भलं झालं ते बहुतेक याच वाटेने झालं.

ओली फिल्म वीस मिनिटांनी आली. तलअतने ती स्वतः दिव्यावर लावली, आणि मोठ्याने मोजायला लागला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. शेवटची बरगडी. एक. दोन. तीन. चार. टाचणी चौथ्याच्या काट्याखाली होती, बरोबर. पाच. मग त्याने मोजणं थांबवलं. त्याचं बोट मात्र तसंच खाली गेलं, आणि सहाव्यावर टेकलं. मग तो पुन्हा बरगडीवर गेला आणि मनातल्या मनात परत मोजत आला. ओठ हलताना दिसत होते. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.  त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला, आजपर्यंत.

"भूल द्या," तो म्हणाला.

त्याने दोऱ्यापाशी छेद घेतला. स्नायू हाडावरून बाजूला सारले, वरच्या आणि खालच्या कमानीमधला पिवळा बंध उघडला, नस हलकेच आत ओढली. चकतीचा तुकडा तिथे बसला होता, खारकेच्या बीएवढा, नसेला खाली दाबून. चिमट्याने उचलताना तो कोणाला न उद्देशून म्हणाला, "साला मेंढा."

तिसऱ्या आठवड्यात अंगठा हलला. साडेतीन महिन्यांनी शिहाता कामावर आला. येताना ती लांब फिल्म बरोबर. चौकट तलअतने पाठवली नव्हती, ती त्याने स्वतः केली, नमुन्यांच्या पेटीच्या लाकडाची, आणि मधल्या हौदाच्या वर टांगली.

वजीह बघायला आले. मागे आम्ही सगळे. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी सावकाश मोजलं.  काहीतरी बोलणं भाग होतं, आणि ते वजीह होते.

"म्हणजे," ते म्हणाले, "तू खरंच मेंढा निघालास, शिहाता."

हशा झाला. सुटका झाल्याचा हशा. मीही हसले.

"खरं आहे, साहेब," शिहाता म्हणाला. "चौदा वर्षं तुम्ही बरोबरच हाक मारत होता." तो बाही वर सारत दोन पावलं पुढे आला. "आता वळा जरा. तुमचे मोजतो. इथे कोणी कोणाचे मोजलेलेच नाहीत."

वजीह मागे सरकले, संगमरवरी टेबलाची कड कमरेला लागेपर्यंत. मग त्यांना कुठली तरी मीटिंग आठवली. दारापर्यंत ते आडवे गेले, तोंड शिहाताकडे ठेवून. साखळीच्या कप्पीचा अर्ज त्याच आठवड्यात मंजूर होऊन आला.  गोदामातला माणूस गोदामातच राहिला.

प्रबंधावर सही झाली. मी शिकवत राहिले. शिहाताने त्या दुपारबद्दल, त्या खोट्याबद्दल, मला कधी काही विचारलं नाही. मी वाट बघायचे. त्याने मला माझ्या टेबलासाठी सगळ्यांत चांगले नमुने दिले, एकही शब्द न बोलता. त्या नमुन्यांची मला भीती वाटायला लागली.

पुढच्या वर्षी नवी मुलं आली. कंबरेचा पहिला पाठ माझा होता. नमुना हातात घेऊन मी सवयीने सुरुवात केली, तेच वाक्य, जे मी वर्षानुवर्षं म्हणत आले होते: "कंबरेचे मणके पाच. खालून सुरुवात करू."

समोरच्या मुलांचे चेहरे बदलले. माझ्या खांद्यावरून ती मागे बघत होती. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. पाऊल बरं झाल्यापासून त्याच्या चालण्याचा आवाज येत नसे.

"वरून मोजा, डॉक्टरीणबाई," शिहाता म्हणाला. "आणि या वेळी थांबू नका."